मी सांगतो, तू लिही

नववीत असताना सरांचं फळ्यावरचं अक्षर बारीक होऊ लागलं. ओळीची सुरुवात ठसठशीत व्हायची आणि समीकरण उजव्या टोकाला पोचेपर्यंत आकडे मुंगीएवढे होऊन जायचे. मागच्या बाकांवरून आम्ही ओरडायचो, "सर, दिसत नाही." सर पुसायचे, पुन्हा लिहायचे, पुन्हा तसंच व्हायचं. तो कंपवात होता आणि अक्षर असं आक्रसत जाणं हे त्या आजाराचं सुरुवातीचं लक्षण असू शकतं, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की सरांचा उजवा हात टेबलावर स्वस्थ ठेवला की जास्तच थरथरतो.

एका मधल्या सुट्टीत मी तो हात वर्गाला करून दाखवला. वर्ग हसला. सर दारात उभे होते.

ते आत आले, त्यांनी हजेरी घेतली आणि खडू माझ्यापुढे धरला. "आजपासून मी सांगतो, तू लिही." मी ती शिक्षाच समजलो. पहिला आठवडा मान खाली घालून लिहिलं. मागून सरांचा आवाज यायचा, "मोठं लिही. शेवटच्या बाकावरच्याला दिसलं पाहिजे." दुसऱ्या आठवड्यात मी न बोलावता उठलो. पुढे दहावी संपेपर्यंत त्यांच्या गणिताच्या तासाला फळा माझ्याकडेच होता. त्या नकलेबद्दल सर मला एका शब्दाने बोलले नाहीत. माफी मागायला मीच उशीर केला. निरोपाच्या दिवशी मागितली, तर म्हणाले, "अरे, तू नसतास तर मी मागच्याच वर्षी शाळा सोडली असती." सरांचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्यांच्या घरच्यांना विचारलेलं नाही. त्या काळातले सगळे त्यांना ओळखतीलच.

शुक्रवारचा शास्त्रपाठ, म्हणजे बायबलचा तास, तोही सरच घ्यायचे. एकदा मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातली कफर्णहूम गावची गोष्ट होती. चौघेजण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात, गर्दीतून आत शिरता येत नाही, म्हणून छप्पर उसकटून त्याला येशूपुढे खाली सोडतात. सरांनी विचारलं, "या गोष्टीत एकही शब्द न बोललेला माणूस कोण?" आम्ही पानं चाळली. तो पक्षाघाती माणूस. आजारी तोच, बरा होणाराही तोच, आणि त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. येशू त्या आणणाऱ्यांचा विश्वास पाहतो, असं तिथे लिहिलंय. "मग त्यानं काय केलं?" सरांचा पुढचा प्रश्न. कुणालाच उत्तर येईना. सर म्हणाले, "त्यानं त्यांना उचलू दिलं." घंटा झाली. आम्ही मैदानाकडे पळालो. ते वाक्य माझ्याकडे जवळपास चाळीस वर्षं तसंच पडून होतं.

त्रेपन्नाव्या वर्षी दाढी करताना मानेवर गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून महिनाभर दुर्लक्ष केलं. तपासणीत लिंफोमा निघाला, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, तिसऱ्या टप्प्यातला. उपचार ठरले: दर २१ दिवसांनी केमो, अशा ६ फेऱ्या.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. आमच्या चर्चच्या मंडळीच्या आजारभेटीच्या गटात मी पंधरा-सोळा वर्षं होतो. दर रविवारी उपासनेनंतर आम्ही कुणा ना कुणाच्या घरी जायचो, वचन वाचायचो, प्रार्थना करायचो. माझं बोलणं लोकांना आवडायचं. "देव सोसवेल तेवढंच देतो." "विश्वास ढळू देऊ नका." "यामागे त्याची योजना आहे." हे मी किती खाटांजवळ उभा राहून म्हटलं असेन याची गणती नाही. एकदा एका बाईंना मी असंच काही सांगत होतो, तर त्यांनी हळूच कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, थकल्या असतील. आता तीच वाक्यं माझ्या खाटेजवळ येऊ लागली. बोलणारे प्रेमाने बोलत होते, मीही प्रेमानेच बोललो होतो. पण त्या वाक्यांनी माझ्या तोंडावर दार लावल्यासारखं व्हायचं. मला भीती वाटतेय असं म्हणायला जागाच उरायची नाही. एकाने तर "मनात काही दडलेलं पाप असेल तर आठवून बघ" असंही सुचवलं. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी हेच विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूने उत्तर दिलं, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. योहानाचा नववा अध्याय मी आजारभेटीला जाताना कितीदा तरी बरोबर नेला असेल, पण ते उत्तर मला लागू पडतं हे तेव्हा कळलं. त्या बाई आता नाहीत. त्यांच्या यजमानांना फोन करून मी क्षमा मागितली. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तुम्ही आलात हे तिला आवडलं होतं. बोललात ते नाही."

बायबलमधल्या, संकटांमागून संकटं सोसणाऱ्या ईयोबाच्या मित्रांना आपण नावं ठेवतो, पण सुरुवातीला त्यांनी जे केलं ते मला आता फार मोठं वाटतं. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कुणी एक शब्द बोललं नाही. त्यांची चूक तोंड उघडल्यावर सुरू झाली. माझ्याकडे असा एकजण आला. सरांच्याच शाळेतला, माझ्याच बाकावरचा. त्याचा-माझा धर्म वेगळा. पहिल्या केमोच्या दिवशी औषध फार हळू सोडतात, सकाळी सुरू झालेलं संध्याकाळपर्यंत चाललं. तो तेवढा वेळ शेजारच्या खुर्चीत बसून होता. निघताना म्हणाला, "तुला काय हवंय ते सांग, मी माझ्या मनानं काही आणणार नाही." आंधळा बार्तीमय समोर उभा असताना येशूनेही आधी विचारलंच होतं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आंधळ्याला काय हवं असणार हे दिसत असूनही विचारलं. आमच्या गटाने इतक्या वर्षांत हे कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी खाली जातात. साधी सर्दीही महागात पडू शकते. त्या दिवसांत घरी गर्दी नको होती, आणि हे लोकांना सांगणं मला जमत नव्हतं. ते काम त्या मित्राने अंगावर घेतलं. मंडळीतल्या प्रत्येकाला त्याने फोन करून समजावलं की या आठवड्यात न येणं हीच भेट. काहीजण दुखावले. पाळकसाहेब मात्र खिडकीबाहेर उभे राहून प्रार्थना करून गेले, दोनच मिनिटं, आणि मी आतून आमेन म्हटलं. तिसऱ्या फेरीनंतर एका रात्री ताप १००.४ च्या वर गेला. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नसते. रात्री दोनला हाच मित्र गाडी घेऊन दारात होता.

रात्री मोठ्या व्हायच्या. स्टिरॉइडच्या गोळ्या असायच्या ते पाच दिवस झोप येतच नसे. आधी मी तेविसावं स्तोत्र म्हणायचो, पाठ होतं म्हणून. मग एका रात्री अठ्ठ्याऐंशीवं उघडलं. त्यात शेवटी काही उजाडत नाही. बहुतेक विलापगीतं शेवटच्या दोन-चार ओळींत स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, ते अंधारातच संपतं. असं स्तोत्र पवित्र शास्त्रात ठेवलंय, कुणी गाळलं नाही, याचा मला त्या रात्री केवढा आधार वाटला! मी देवावर रागावलो होतो आणि तसं म्हणायला शब्द तिथे तयार होते. माझा विश्वास त्या रागासकट टिकला. गेथशेमाने बागेत प्रभूनेही हा प्याला टळू दे अशी विनवणी केली, आणि आपल्या तिघा मित्रांना म्हटलं की माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले. तरी त्याने मागितलं होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. देवाच्या पुत्राला सोबत मागावीशी वाटली.

मला मात्र मागता येत नव्हतं. केमोतल्या एका औषधाने बोटांची टोकं बधिर होतात. चौथ्या फेरीनंतर मला शर्टाचं बटण धरता येईना. बायको पुढे आली की मी तिचा हात बाजूला सारायचो. बटणं नकोत म्हणून तीन आठवडे टी-शर्टवर काढले. तेच दुखण्याचं. पेशी वाढवायच्या इंजेक्शनाने हाडं ठणकायची, कंबर तर आतून कुणी पिळल्यासारखी. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या, मी घेत नव्हतो. वधस्तंभावर खिळण्याआधी दिलेला गंधरस मिसळलेला द्राक्षारस प्रभूने नाकारला होता, मग मी का घ्याव्यात, असं माझं चाललं होतं. वेदनाशमन विभागातल्या डॉक्टरबाईंनी ते ऐकून घेतलं आणि मला सिसिली साँडर्स यांच्याबद्दल सांगितलं. आधी परिचारिका, मग समाजसेविका, आणि मरणासन्न रुग्णांच्या वेदनेसाठी काही करता यावं म्हणून पुढे डॉक्टर झालेल्या या बाई. ख्रिस्तावर गाढ श्रद्धा. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अशा रुग्णांची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं. वेदना उसळेपर्यंत थांबू नका, औषध ठरल्या वेळेला द्या, यासाठी त्या आयुष्यभर झटल्या. शरीराचं दुखणं, मनाचं, नात्यांचं आणि आत्म्याचं दुखणं एकमेकांत गुंतलेलं असतं, हे त्यांनी डॉक्टरांना शिकवलं. "त्यांच्या श्रद्धेनं त्यांना दुखणं कमी करायला लावलं," डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमची दुखणं वाढवायला सांगते का?" मग त्यांनी विचारलं, "दुखत असतं तेव्हा घरच्यांशी कसं बोलता?"

मी बायकोकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

त्या संध्याकाळी गोळी घेतली. रात्री कित्येक दिवसांनी तिला विचारलं, "तुझा गुडघा कसा आहे?" सोसण्यात मी इतका गुंतलो होतो की घरात आणखी कुणाला काही दुखतंय हे मला दिसतच नव्हतं. प्रेम सहनशील आहे, हे करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं वचन मी लग्नात, बारशात, कुठे कुठे वाचलंय. त्यातला पुढचा शब्द, परोपकारी, मी विसरून गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्ट घेऊन आरशापुढे उभा राहिलो आणि अचानक सरांचा हात आठवला, खडू पुढे करणारा. ज्या पोराने आपली थट्टा केली त्याच्याच हातात आपली उणीव द्यायची! सर तेव्हा पन्नाशीचेही नसतील. त्यांना ते किती जड गेलं असेल, आणि त्यांनी ते मला किती सहज देऊन टाकलं. मी हाक मारली, "अगं, बटणं लावतेस का?" ती ओल्या हातांनीच आली, पदराला हात पुसले, वरून खाली एकेक बटण लावलं, कॉलर सारखी केली. "अहो, बारीक झालात," एवढंच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. त्या दिवसानंतर रोज सकाळी ती बटणं लावायची आणि तेवढ्या वेळात आम्ही दिवसातलं खरं बोलणं बोलून घ्यायचो. मुलांना काय सांगायचं, पैशांचं कसं, मी नसलो तर काय, हे सगळं त्याच वेळात बोलून झालं.

सहा फेऱ्या झाल्या. आजार आटोक्यात आहे, दर तीन महिन्यांनी तपासणी असते. बरा झालो असं मी अजून म्हणत नाही. प्रेषित पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली होती आणि काटा निघाला नाही, "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढं उत्तर मिळालं. मी तीनपेक्षा खूप जास्त वेळा मागितलंय, अजून मागतो. बोटं अजून बधिरच आहेत.

गेल्या तपासणीच्या दिवशी केमोच्या दालनात डोकावलो. माझ्या जुन्या खुर्चीत एक विशीतला मुलगा बसला होता, पहिलीच फेरी. नर्स लाल रंगाचं औषध हळूहळू सोडत होती आणि तो त्या नळीकडे टक लावून बघत होता. शेजारी स्टूल होतं, त्याला विचारून बसलो. सांगितलं, "उद्यापर्यंत लघवी लालसर होईल, घाबरू नकोस. ते रक्त नाही, या औषधाचाच रंग आहे." त्याचे खांदे जरा सैल पडले. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं आणि ती रात्र मी न्हाणीघराच्या दारात भीतीने काढली होती. तो विचारत गेला, मी सांगत गेलो. ताप किती आला की थांबायचं नाही, कोणत्या दिवसांत गर्दी टाळायची, तोंड आलं तर कुणाला फोन करायचा. मग म्हणाला, "काका, हे सगळं लिहून द्याल का? आईला दाखवतो. आणि पुढे येतील त्यांच्यासाठीही इथे लावून ठेवू."

नर्सने कागद दिला. मी पेन धरलं. पहिला शब्द उमटला, दुसरा ओळ सोडून खाली घसरला. पेन मी त्याच्यापुढे केलं. त्याचा एक हात मोकळा होता.

"मी सांगतो, तू लिही," म्हटलं. "आणि अक्षर मोठं काढ."