उन्हातून उन्हात कायले गेली वं?

"तुम्ही आर्किटेक्चर शिकताना उन्हाळ्यात स्पेनला गेला होतात ना? मग तिथे काय शिकलात, आणि इथे अमरावती जिल्ह्यात, वरुडकडच्या खेड्यात त्याचा उपयोग काय?" घर बांधायला काढलेली माणसं मला हे विचारतात, कॉलेजातली मुलं विचारतात, त्यांचे आईवडील तर हमखास विचारतात. आमच्या गल्लीतल्या मोठ्याआईने मात्र सगळ्यांत नेमकं विचारलं होतं: "तिकडेबी ऊनच होतं म्हणते, तं मंग उन्हातून उन्हात गेलीच कायले वं?" तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते. उभ्या उभ्या दिलेलं उत्तर दरवेळी अपुरं राहतं.

चौथ्या वर्षाच्या सुट्टीत मी सेव्हिलला गेले. दक्षिण स्पेनमधलं, ग्वादालकिविर नदीकाठचं जुनं शहर. वेगवेगळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी अभ्यासक्रम होता: सकाळी रस्त्यावर उभं राहून रेखाटनं आणि मोजमाप, दुपारी स्टुडिओ, संध्याकाळी पुन्हा रस्ता. निम्मा खर्च शिष्यवृत्तीतून निघाला, उरलेला बाबांच्या बागेतल्या संत्र्याच्या अंबिया बहाराने दिला. यादीत रोम होतं, कोपनहेगन होतं. मी सेव्हिल निवडलं ते उन्हापायीच. आम्हाला नागपूरच्या कॉलेजात पुस्तकांतून शिकवलेली आधुनिक वास्तुकला बरीचशी थंड देशांतली. ऊन घरात कसं घ्यायचं याचा तिच्यात बारीक विचार असतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, आणि मला ऊन बाहेर कसं ठेवायचं ते शिकायचं होतं. सेव्हिलमध्ये जुलैत चाळिशी ओलांडली जाते आणि तरीही ते शहर हजारो वर्षं भरगच्च वसलेलं आहे. मोठ्याआईला मी एवढंच म्हटलं, की जे आपल्यासारखं भाजून निघतात त्यांच्याकडेच जायला पाहिजे होतं.

सिएर्पेस ही तिथल्या जुन्या बाजारपेठेतली गल्ली. अरुंद, गाड्यांना बंद, दोन्ही बाजूंना तीन-चार मजली घरं, खाली दुकानं. दर उन्हाळ्यात महापालिका या गल्लीवर इकडच्या घरापासून तिकडच्या घरापर्यंत कापडी छत ताणते. फिकट रंगाच्या जाड कापडाचे लांब पट्टे, ते तोलणाऱ्या तारा, आणि तारांची टोकं दोन्हीकडच्या इमारतींच्या भिंतींत रोवलेल्या लोखंडी कड्यांना अडकवलेली. सोबतची मुलं कॅथेड्रल आणि हिराल्दाचा मनोरा काढत होती; मी त्या कड्या रेखाटत बसायचे. कुणाच्या तरी बाल्कनीच्या कठड्याशेजारी गिलाव्यात एक जाड कडी, तिच्याखाली गंजाचा तांबूस ओघळ, आणि दर रंगकामात रंगाऱ्याने कुंचला तिच्याभोवती वळवल्यामुळे साचलेले रंगाचे थर. त्या थरांवरून कळत होतं की घराचे मालक बदलले असतील, रंग बदलले, कडी मात्र कुणी उपटली नाही.

भिंत खासगी, कडी त्या भिंतीत, आणि कडीला टांगलेली सावली गल्लीतून जाणाऱ्या कुणाचीही. तिथे शिकलेली सगळ्यांत मोठी गोष्ट विचाराल तर मी हीच सांगेन. रस्त्यावरचे दिवे, नळ, नाल्या ही गावाची कामं आहेत हे आपल्याकडे कुणाला पटवावं लागत नाही. सावली मात्र ज्याची त्याने शोधायची. ज्याच्याकडे कूलर आहे तो दार लावून बसतो, आणि ज्याच्याकडे नाही त्याने रेशनच्या रांगेत डोक्यावर दुपट्टा घेऊन उभं राहायचं.

घरांचं म्हणाल तर तिथल्या जुन्या घरांत मधोमध चौक असतो. रस्त्यावरून एक छोटा बोळ, मग लोखंडी जाळीचं दार, आणि जाळीतून दिसणारा फरशीचा चौक, भिंतीला कमरेपर्यंत रंगीत टाइल्स, कुंड्यांची गर्दी. सकाळी उन्हं चढायच्या आत चौकावर कापड ओढतात, दिवस मावळला की सरकवून टाकतात, म्हणजे साठलेली उष्णता वर निघून जाते. आम्ही अशा एका चौकात भर दुपारी थर्मामीटर टांगला होता. रस्त्यावर ४१ अंश, चौकाच्या तळाशी ३३. चौक अरुंद आणि खोल असेल तर ऊन तळापर्यंत फार थोडा वेळ पोचतं, रात्री गार झालेली जड हवा तळाशी टिकून राहते, आणि फरशीवर शिंपडलेलं पाणी वाळताना उष्णता ओढून घेतं. आमच्या वाळ्याच्या ताट्या याच तत्त्वावर चालतात. हवा कोरडी असली पाहिजे ही अट तिथेही पुरी होते आणि आपल्याकडे मे महिन्यातही. नागपूरच्या महाल भागात भोसल्यांच्या काळच्या वाड्यांत चौक आहेत, आमच्या गावातल्या पडक्या वाड्यातही आहे. लहानपणी त्या चौकात आम्ही खेळलोय, पण तो का थंड असतो हे मला कुणी आकडे घालून दाखवलं नव्हतं. दाखवलं असतं तर कदाचित तो वाडा पाडून टिनाचं गोदाम बांधायची घाई झाली नसती.

नव्या इमारतींत एन्कार्नासिओन चौकातली ती प्रचंड लाकडी छत्री मी बघितली. युर्गेन मायर या जर्मन आर्किटेक्टची, २०११ मध्ये पुरी झालेली, सुमारे १५० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद. लोक तिला 'लास सेतास' म्हणतात, म्हणजे अळिंब्या. बांधकाम लांबलं, खर्च ठरल्याच्या कितीतरी पुढे गेला, आणि त्यावरून शहरात मोठा वाद झाला. माझं मत विचाराल तर एवढा पैसा तिथे घालण्यापेक्षा शंभर गल्ल्यांवर कापड ताणलं असतं. पण न्यायाने हेही सांगायला हवं की तिच्या खालच्या पायऱ्यांवर संध्याकाळी म्हातारे बसतात, पोरं फुटबॉल खेळतात, आणि तळघरात खोदकामात सापडलेले रोमन काळातले अवशेष बघायला मिळतात.

शहराचं जगणं मी शिकले ते संध्याकाळी. स्पेनचं घड्याळ मध्य युरोपाच्या वेळेवर चालतं आणि सेव्हिल त्या पट्ट्यात पार पश्चिमेला पडतं. म्हणून उन्हाळ्यात खरी मध्यान्ह होते अडीचच्या सुमारास, आणि सूर्य मावळतो पावणेदहाला. दोन ते पाच बहुतेक छोटी दुकानं बंद. नऊनंतर माणसं बाहेर पडतात, दहाला जेवतात, मध्यरात्री आज्या नातवंडांना घेऊन चौकात बसलेल्या असतात. आंदालुसियाच्या खेड्यांत तर लोक घरातल्या खुर्च्या काढून दारासमोर, थेट रस्त्यावर मांडतात आणि गार हवेत गप्पा मारतात. काडिस प्रांतातल्या आल्गार या छोट्या गावाने २०२१ मध्ये या बसण्यालाच युनेस्कोने वारसा म्हणून मान्यता द्यावी अशी मोहीम सुरू केली. मी आजीला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आपन बाजा टाकतो तसंच ना?" बाजा म्हणजे खाटा. हो, अगदी तसंच. फरक इतकाच की त्यांनी ते जपण्यासारखं मानलं. आमच्याकडे रस्त्याचं काँक्रीटीकरण झालं, मोटारसायकली वाढल्या, घराघरांत टीव्ही-कूलर आले, आणि बाजा गच्चीवर गेल्या.

त्रियाना या नदीपलीकडच्या वस्तीत आम्हाला 'कोराल' दाखवले. एका सामाईक चौकाभोवती एकेका खोलीची बिऱ्हाडं, धुणं, पाणी, संडास सगळ्यांत मिळून. राहायला हलाखीचं, हे तिथल्या वयस्कर बायका स्वतः सांगतात. पण विसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्रियानातल्या अनेक गरीब कुटुंबांना शहराच्या कडेच्या नव्या वसाहतींत हलवलं गेलं. त्यातली पोलिगोनो सूर ही वसाहत आज स्पेनमधल्या सगळ्यांत गरीब भागांत मोजली जाते. घरं पक्की मिळाली, नळ स्वतःचा मिळाला. चौक गेला, शेजार विखुरला. हे ऐकताना मला आमच्याकडची पुनर्वसित गावठाणं दिसत होती. धरणात गेलेल्या गावांना सरळ, रुंद रस्ते आखून दिले, प्लॉट मोजून दिले. नकाशा कागदावर स्वच्छ दिसतो. पण त्या रुंद रस्त्यावर दुपारी बारा वाजता उभं राहून बघा. पार नाही, निंब नाही, घराला सपरी म्हणजे पुढची ओसरी नाही. माणूस बसणार कुठे, आणि बसलाच नाही तर बोलणार कुणाशी?

आता तिथलं उचलून इथे आणता येत नाही ते. सेव्हिल ३७ अक्षांशावर आहे, तिथे सूर्य कधीच थेट डोक्यावर येत नाही. म्हणून अरुंद गल्लीत एका बाजूच्या भिंतीची थोडीतरी सावली पडते. वरुड साडेएकवीस अक्षांशाच्या आसपास. मेच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन नवतप्यात म्हणजे सगळ्यांत तापणाऱ्या नऊ दिवसांत, मध्यान्हीला आपली सावली आपल्याच पायाखाली असते. भिंत कितीही उंच बांधा, त्या वेळी ती काही देत नाही. सावली वरूनच यायला हवी, म्हणजे झाड किंवा मांडव. दुसरं, तिथल्या जुलैच्या रात्री साधारण २० अंशांपर्यंत उतरतात. आपल्या मेच्या रात्री साधारण २८ च्या आसपासच थांबतात. जाड भिंत आणि स्लॅब रात्री पुरते निवतच नाहीत, उलट दिवसभर प्यायलेली उष्णता पहाटेपर्यंत घरात सोडत राहतात. आणि तिसरा पाऊस. तिथला उन्हाळा कोरडा असतो, कापड सप्टेंबरपर्यंत बिनघोर टांगलेलं राहतं. आपल्याकडे मृग लागायच्या आत उतरवलं नाही तर चिंध्या होतात.

बाबांना फोटोंपैकी एकच आवडला. कॅथेड्रलशेजारी संत्र्याच्या झाडांचं आवार आहे, पूर्वी तिथे मशीद होती तेव्हाचं. फरशीत प्रत्येक झाडाभोवती आळं, आणि एका आळ्यातून दुसऱ्यात पाणी नेणाऱ्या बारीक नाल्या. फळ कडू, मुरंब्याचं. बाबांनी फोटो मोठा करून नाल्यांचा उतार शोधला, कोणत्या झाडाला पाणी आधी पोचत असेल ते बोटाने दाखवलं, आणि म्हणाले, "इतक्या वर्षांपासून ताण कसा देत असतीन हे लोक?" ताण देणं म्हणजे बहार धरायला झाडाचं पाणी काही दिवस तोडणं. माझ्या प्राध्यापकांना हा प्रश्न मी पाठवला. त्यांनाही तो सुचला नव्हता.

मी परत येऊन काय करते, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. माझ्याकडची बरीच कामं घरकुलांच्या सल्ल्याची असतात, त्यांचे पैसे फारसे मिळत नाहीत. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) किमान २५ चौरस मीटरचं घर, म्हणजे जेमतेम २७० चौरस फूट, आणि सपाट भागात १ लाख २० हजारांचं मूळ अनुदान. एवढ्यात दोन खोल्या बसवताना पहिल्यांदा कापली जाते ती सपरी. मी भांडून ती ठेवायला लावते: दारापुढे पाच फूट, लाकडी बल्ल्यांवर कवेलू म्हणजे कौलं, खर्च वाचवायला जुनेच कवेलू. आणि स्लॅबवर दर मार्चमध्ये चुन्याचे दोन हात. चुना स्वस्त आहे, घरच्या घरी मारता येतो, आणि रात्री खोलीत झोपता येतं की नाही ते त्यावर ठरतं.

आणि गल्ली. एसटी थांब्यापासून रेशन दुकानापर्यंत आम्ही उन्हाळ्यापुरती हिरवी नेट ताणतो. शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत संत्र्याच्या कलमांवर बांधतात तीच. ग्रामसभेत पहिला सवाल आला, "फाटली तं भरून कोन देईन?" दुसरा, "माह्या भिंतीले भोक कायले?" दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटला, कारण सिएर्पेसमधल्या प्रत्येक घरमालकाच्या आज्या-पणज्याने तो कधीतरी विचारलाच असणार. जिथे काँक्रीटचा बीम होता तिथे घरमालकाला समोर उभं करून कडी रोवली. मातीच्या भिंतीत कडी धरत नाही, तिथे पाइप पुरला. मेमध्ये वावधान, म्हणजे वादळी वारा, सुटतं, म्हणून एका बाजूची दोरी मुद्दाम कच्ची ठेवतो; जोराचा वारा आला की ती आधी तुटते, नेट उडते आणि भिंत वाचते. मृगाच्या आधी गुंडाळून ग्रामपंचायतीच्या खोलीत. आता पानठेला त्या सावलीत सरकलाय, रेशनचे गहू निवडत बाया तिथेच बसतात, आणि भोक नको म्हणणारे काका यंदा त्यांच्या घरापुढची नेट ढिली झाली म्हणून मलाच बोलावून घेऊन गेले.

जाणाऱ्या मुलांनी अर्ज, व्हिसा, शिष्यवृत्ती यांची माहिती कॉलेजातून घ्यावी, ती दरवर्षी बदलते. माझ्याकडून एवढंच घ्या. जायच्या आधी, याच उन्हाळ्यात, आपल्या गावातली एक गल्ली निवडा. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा वाजता तिचा नकाशा काढा: ऊन कुठे, सावली कुठे, कोण कुठे बसलंय, कोण कुठून वळसा घालून जातंय. थर्मामीटर टांगा, आकडे लिहून ठेवा. मग तिकडच्या शहरातली एक गल्ली घेऊन त्याच चार वेळांना तेच करा. दोन्ही कागद शेजारी ठेवले की काय विचारायचं ते तुम्हाला समजेल, आणि तिथले शिक्षकही तुमच्या गावाबद्दल विचारू लागतील. नकाशे काढून झाले की माझ्याकडे घेऊन या, आपण बसून बघू.