क्लिंगॉनचा तास

भाषाविज्ञानाच्या एम.ए.ला मी स्वनविज्ञान, म्हणजे उच्चारांचा अभ्यास, शिकवते. त्यात कानाने ऐकून लिहून घ्यायचा एक तास असतो. अनोळखी भाषेचं रेकॉर्डिंग लावायचं, पोरांनी ते आयपीएत, म्हणजे कुठल्याही भाषेचे उच्चार टिपायच्या आंतरराष्ट्रीय लिपीत, उतरवायचं. एरवी मी मेघालयातली खासी लावते, नाहीतर निलगिरीतली तोडा. गेल्या सत्रात एकदा काही न सांगता क्लिंगॉन लावली.

'स्टार ट्रेक' या अमेरिकन विज्ञानकथा मालिका-चित्रपट न पाहिलेल्यांसाठी: क्लिंगॉन ही त्यातली लढवय्या परग्रहवासीयांची जमात, आणि तिची भाषाही क्लिंगॉनच. १९७९च्या पहिल्या चित्रपटात त्यांच्या तोंडी चार-दोन वाक्यं होती. १९८४च्या तिसऱ्या चित्रपटासाठी मार्क ओक्रँड या भाषावैज्ञानिकाने त्यांच्याभोवती अख्खं व्याकरण उभं केलं, १९८५ मध्ये शब्दकोशही काढला. माणूस तयारीचा. कॅलिफोर्नियातली मुत्सुन ही भाषा, जी बोलणारं कुणी उरलं नव्हतं, तिच्यावर त्याची पीएचडी. क्लिंगॉन कानाला परकी वाटावी, एवढंच त्याला साधायचं होतं. पण कुणाच्या कानाला?

पहिल्याच वाक्याला मागून आवाज आला, "मॅडम, तेलुगू?" पुढची एक म्हणाली, "छे, पश्तो." कारण कानावर पडत होता तो चक्क आपला ड, आणि जीभ मागे वळवून म्हटलेला ष. अमेरिकन प्रेक्षकाला खरखरीत वाटावेत म्हणून घेतलेले हे आवाज आमच्या वर्गाने मुकाट्याने उतरवून घेतले. (ष मात्र वेदपाठशाळेतून आलेल्या एकालाच म्हणता आला. बाकी आपण सगळे लिहितो ष आणि म्हणतो श.) थोड्या वेळाने पश्तोवाली वहीतून मान वर काढून म्हणाली, "ड आहे तर द कुठंय? ष आहे, साधा स नाही. आणि क? नुसता घशाच्या तळातला क़? असं कुठे असतं?" ओक्रँडने वर्णमालेत मुद्दाम पाडलेली भगदाडं तिने बरोबर हेरली होती. मग मी नाव सांगून टाकलं. काही जण हसले, काही चक्क चिडले.

फळ्यावर लिहिलं: 'पुक़ लेग़ याष'. पुक़ म्हणजे मूल, लेग़ म्हणजे बघणं, याष म्हणजे अधिकारी. अर्थ, अधिकारी मुलाला बघतो. आधी कर्म, मग क्रियापद, कर्ता शेवटी. हा ज्यांचा मूळ क्रम आहे अशा भाषा जगात मोजक्याच. ॲमेझॉन खोऱ्यातली हिश्कर्याना त्यातली एक. म्हणून तर ओक्रँडने तो उचलला. आमच्या वर्गाला त्याचं सोयरसुतक नाही. "पोराला बघतो साहेब. यात काय एवढं? आमची आजी असंच बोलते."

मग मी दोन्ही टोकांचे शब्द अदलाबदल केले. 'याष लेग़ पुक़'. लिहा अर्थ. आता पोर साहेबाला बघायला हवं होतं, पण निम्म्याहून जास्त वह्यांमध्ये पुन्हा साहेबच पोराला बघत होता! 'ला' कुठे चिकटलेला दिसेना, तेव्हा पहिला तो कर्ता असं सगळ्यांनी बिनदिक्कत धरलं. आजीची आठवण काढणाराही त्यातच. शब्दाच्या जागेवरून अर्थ लावायचा, हे इंग्रजीवाल्यांच्या अंगवळणी पडलेलं. आम्ही आपटलो ते नेमके तिथे.

उरलेला तास क्लिंगॉनच्या एकाच आवाजात गेला. जिभेचं टोक त-च्या जागी घट्ट टेकवायचं आणि हवा दोन्ही बाजूंनी, गालांकडून फोडायची. मेक्सिकोतल्या नाहुआत्लमध्ये हा आवाज रोजच्या बोलण्यात आहे, असं मी सांगितलं, कुणाला पटेना. मग सगळे एकदम सरावाला लागले. पुढच्या बाकावरच्यांनी वह्या डोक्यावर धरल्या. शेवटी शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले. "मॅडम, पाणी मागवू का? कुणाला तरी ठसका लागलेला दिसतोय."