थिबा राजवाडा : जळगाव-धुळ्याहून एकट्याने निघणाऱ्यांसाठी

आज रत्नागिरीत थिबा राजवाडा पाहून झाला. आपल्या खान्देशातून इथे सरळ येणाऱ्या गाड्या फार थोड्या, जळगावहून मंगला एक्स्प्रेस आहे. ती जमली नाही तर ठाणे किंवा पनवेलला उतरून कोकण रेल्वेची गाडी पकडायची. मधे निदान तीन तास हातात ठेवा, आपली गाडी लेट झाली की पुढचं आरक्षण वाया जातं. पावसाळ्यात दरडींमुळे गाड्या हळू चालवतात, वेळापत्रकही वेगळं असतं. स्टेशन गावाबाहेर आहे, रिक्षा ठरवूनच बसा. सोमवार टाळा, आतलं संग्रहालय बंद असतं.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि त्याला इतक्या लांब आणून ठेवलं. वाडा बांधून झाला १९१० च्या सुमारास, १९१६ मध्ये राजा वारला. म्हणजे या घरात जेमतेम सहा वर्षं! फार वाईट वाटतं.

भिंती जांभ्या दगडाच्या. आपल्या काळ्या दगडासारखा हा घट्ट नाही. खाणीतून निघताना मऊ, हवा लागली की कडक होतो. जवळून बघा, मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात. त्यात पाणी मुरतं, शेवाळ धरतं, म्हणून पावसात पाय जपून टाका. अर्धगोल लाकडी खिडक्यांच्या रंगीत काचांपाशी मात्र घाई करू नका.

संध्याकाळी थिबा पॉइंट. खाली भाट्याची खाडी, पुढे समुद्र.