कुळीथ ते गहत : औलीच्या बर्फातली आमची वाटचाल

मी आणि यजमान उत्तराखंडात औलीला बर्फावरच्या स्कीच्या सहली नेतो. चौकशी करायला फोन येतो, तेव्हा बर्फाच्याही आधी विचारतात, "जेवण आपलं असेल ना?" पहिली दोन वर्षं आम्ही बिनदिक्कत "हो" म्हणायचो.

मी मूळची चिपळूणची, लग्नानंतर पुण्यात आले. २०११ च्या जानेवारीत औलीला दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडा स्पर्धा झाल्या आणि यजमानांच्या मनात ती जागा घर करून बसली. पुढच्याच हिवाळ्यात अकरा जणांचा गट घेऊन आम्ही निघालो. सोबत पुण्याचा आचारी, तूरडाळ, पोहे, भाजणी, मसाल्यांचे डबे. ऋषिकेशहून औलीच्या पायथ्याचं जोशीमठ म्हणजे अडीचशे किलोमीटरचा घाटरस्ता, अख्खा दिवस जातो. एवढं सगळं सामान आम्ही तिथवर वाहून नेलं.

औलीचे उतार अडीच ते तीन हजार मीटर उंचीवर आहेत. तिथे पाणी साधारण ९१ अंशांनाच उकळतं. पातेल्यात डाळ तासभर रटरटली तरी दाणा कच्चाच. थंडीत सिलिंडरचा गॅस नीट येत नाही, ज्योत मिणमिणते. पोळी तव्यावरून ताटात येईपर्यंत वातड होते. नवशिक्या माणसाला स्की खांद्यावर घेऊन उतार पुन्हा पुन्हा चढावा लागतो, त्यामुळे भूक प्रचंड लागते. आणि आमची माणसं गार भात चिवडून उठत होती. एक कॉलेजची मुलगी दोन बिस्किटं खाऊन झोपली. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या वर्षी जोशीमठला ज्यांच्याकडे उतरलो होतो, त्या दीदींच्या स्वयंपाकघरात मी गरम पाणी मागायला गेले. त्या पाट्यावर रात्रभर भिजलेलं काहीतरी वाटत होत्या. वास नाकात गेला आणि मी तिथेच बसले. कुळीथ! त्या म्हणाल्या, "भुली, हे गहत आहे." भुली म्हणजे धाकटी बहीण. वाटणातल्या थोड्याशा भागाच्या त्यांनी तव्यावर चपट्या वड्या भाजल्या. उरलेलं लोखंडी कढईत पाणी घालून मंद आचेवर ढवळत ठेवलं. मग तेलात जखिया तडतडवून वरून ओतला आणि वड्या आत सोडल्या. हे फाणू. गरम भातावर पहिला घास घेतला आणि आईचं कुळथाचं पिठलंच आठवलं. वाटलेली डाळ उघड्या कढईतही शिजते. पहाडातल्या बायकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आम्ही मात्र पातेल्यात डाळ रटरटवत बसलो होतो.

जखिया म्हणजे आपली पिवळी तिळवण. पावसाळ्यात शेतात उगवते, आपण तण म्हणून उपटून टाकतो. तिच्या बारीक काळ्या दाण्यांशिवाय गढवालात, म्हणजे औलीच्या या पहाडी मुलखात, फोडणीच होत नाही. मंडुवा म्हणजे नाचणी, झंगोरा आपल्या वरीच्या जातकुळीतला. परक्या मुलखात आलोय असं मला मग कधी वाटलंच नाही.

तिसऱ्या वर्षापासून आचारी नेणं बंद केलं. त्यावर नाराजी झाली, काहींनी बुकिंगही रद्द केलं. ते पैसे परत केले, पण निर्णय बदलला नाही. आता रात्री फाणू किंवा चैंसू असतं. चैंसू म्हणजे काळे उडीद भाजून, भरड दळून केलेली दाट आमटी. सकाळी तूप-गूळ लावून मंडुव्याची जाड रोटी, सोबत भांगेच्या बियांची चटणी. या बियांनी नशा होत नाही, हे प्रत्येक गटाला सांगावं लागतं. गोडाला झंगोऱ्याची खीर. वडीलधाऱ्यांसाठी मेतकूट आणि लिंबाचं लोणचं आजही माझ्या पिशवीत असतं. धान्य दीदींच्या ओळखीच्या गावांतून, पीक निघाल्यावर रोख पैसे देऊन घेतो. २०२३ मध्ये मंडुवा, झंगोरा आणि गहत यांना भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला घरचं कार्य असल्यासारखा आनंद झाला.

त्याच वर्षीचा जानेवारी मात्र फार वाईट गेला. जोशीमठ खचू लागलं, शेकडो घरांना तडे गेले. दीदींच्या स्वयंपाकघराच्या भिंतीलाही गेले. जोशीमठहून औलीला जाणारा रोपवे बंद झाला. आम्ही त्या हंगामाच्या सहली रद्द केल्या आणि जेवणाची ठरलेली रक्कम दीदींना पाठवली. वर्षभर त्या नातलगांकडे राहिल्या. आता औलीच्या वाटेवर भाड्याच्या दोन खोल्यांत चूल मांडली आहे. आम्ही गाडीने वर जाताना तिथेच थांबतो. बर्फही हल्ली भरवशाचा राहिलेला नाही. उशिरा पडतो, कधी अगदी थोडा. तसं झालं तर स्कीचा दिवस आम्ही दीदींच्या चुलीपाशी काढतो, वाटण वाटायला मुलांनाच बसवतो.

गेल्या हंगामात चिपळूणहून आईने दळलेलं किलोभर कुळथाचं पीठ नेलं होतं. दीदींनी चिमूटभर जिभेवर ठेवलं. "भाजून दळलंय," लगेच ओळखलं. मी पिठलं ढवळलं, फोडणी त्यांनी दिली, जखियाची. निघताना त्यांनी जखियाची पुडी माझ्या हातात ठेवली. "आईला दे," म्हणाल्या.