जिनिंगच्या काट्याचं ॲप अन् डिपेंडन्सी इंजेक्शन: माझा अनुभव

आमच्या वणीकडे दिवाळी झाली की जिनिंगच्या गेटवर कापसाच्या गाड्यांची लाईन लागते, अन् शेतकऱ्याची वर्षभराची मेहनत त्या काट्यावरच्या आकड्यात असते. अशाच एका जिनिंगसाठी मी काटापावतीचं डेस्कटॉप ॲप बनवलं, डब्ल्यूपीएफ (विंडोजवरचे स्क्रीन बनवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन), डॉटनेट ८. त्यात डिपेंडन्सी इंजेक्शन वापरलं, म्हणजे क्लासला लागणाऱ्या गोष्टी त्यानं स्वतः बनवायच्या नाही, बाहेरून द्यायच्या. डेटाबेस, प्रिंटर, कापसाच्या दराची सर्व्हिस, सगळं एकदा रजिस्टर केलं की कंटेनर (या गोष्टी बनवून पुरवणारा भाग) बरोबर आणून द्यायचा. अडलं ते पोर्टवर, म्हणजे काटा कॉम्प्युटरला ज्या कॉम नंबरवर जोडला त्यावर.

काट्याच्या इंडिकेटरची (वजनाचा आकडा दाखवणाऱ्या डब्याची) वायर यूएसबी कन्व्हर्टरनं कॉम्प्युटरला लागते, आज कॉम ३ असतो अन् कोणी ती दुसऱ्या सॉकेटमधे खोचली की कॉम ५ होतो, म्हणजे पोर्ट काटेवाला सकाळी स्क्रीनवर निवडेल तेव्हाच कळणार. मी सरळ काटारीडरच्या (काट्याचं वजन वाचणाऱ्या क्लासच्या) कन्स्ट्रक्टरमधे, म्हणजे तो बनताना चालणाऱ्या कोडमधे, पोर्टसाठी स्ट्रिंग (मजकूर) मागितली तर विंडो उघडतानाच एरर, सिस्टम डॉट स्ट्रिंग रिझॉल्व्ह होत नाही. बरोबरच आहे ना, काटेवाल्यानं आज काय निवडलं ते कंटेनरला कसं कळावं!

मग पोर्ट एका स्टॅटिक क्लासमधे ठेवला, म्हणजे सगळ्या ॲपला मिळून एकच जागा. एक काटा होता तोवर चाललं. भर सीझनमधे दुसरा काटा आला, दुसऱ्या विंडोनं तिचा पोर्ट त्याच जागी लिहिला, पहिली विंडोही दुसऱ्याच काट्याचं वजन वाचू लागली अन् दिवाणजींचा फोन, "भाऊ, काटा रिकामा आहे तरी ३८ क्विंटल काहून दाखवून राहिला?" माझ्या पोटात गोळाच आला. पावती निघाली नव्हती, तरी त्या दिवसाच्या सगळ्या पावत्या वहीशी ताडून पाहिल्या तेव्हा जीव भांड्यात पडला.

त्या रात्री बसून फॅक्टरी (मागितलं तेव्हा वस्तू बनवून देणारा कोड) लिहिली. कंटेनरमधे रीडर नाही, रीडर बनवणारा फंक डेलिगेट (हातात देता येणारं फंक्शन) रजिस्टर करायचा, विंडो त्याला पोर्ट देते अन् आत ॲक्टिव्हेटर युटिलिटीजचं (डॉटनेटमधल्या तयार क्लासचं) क्रिएट इन्स्टन्स फंक्शन तो पोर्ट आपल्याकडून घेते, लॉगर (नोंदी ठेवणारा) वगैरे बाकीचं कंटेनरकडून. पण ते टाईप बघून जोडते, पोर्ट अन् काट्याचं नाव दोन्ही स्ट्रिंग, मी क्रम उलटा दिला तर नावच पोर्ट म्हणून गेलं. म्हणून पोर्ट, बॉडरेट (वायरवरून डेटा यायचा वेग; आमचा जुना इंडिकेटर २४००चा, डॉटनेटच्या सीरियलपोर्ट क्लासचा डिफॉल्ट ९६००) अन् नाव मिळून काटासेटिंग असा एक रेकॉर्डच (वेगळा टाईप) केला.

अजून एक गोष्ट, ही मला फार उशिरा कळली. असा बनवलेला रीडर कंटेनर डिस्पोज करत नाही, म्हणजे काम झालं की त्यानं धरलेला पोर्ट सोडत नाही, ते आपलं काम. नवा रीडर पोर्ट सतत उघडा ठेवायचा, विंडो बंद करून परत उघडली की 'ॲक्सेस डिनाईड'. विंडोच्या क्लोज्ड इव्हेंटमधे डिस्पोज टाकलं तेव्हा सुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी काट्यावरच उभा होतो, दोन्ही विंडो चार-चारदा बंद-चालू केल्या, मग दिवाणजींनी पहिली गाडी घेतली.