जोडी पाहून घेजो

तान्ह्या पोळ्याचा दिवस होता. गल्लीतली पोट्टी लाकडी बैल ओढत घरोघर फिरत होती आणि मी ओट्यावर वही घेऊन नव्या कॉम्प्युटरची यादी करत बसलो होतो. प्रोसेसर ठरला होता, रायझन ५ ५६००जी. मदरबोर्ड ठरला होता, रॅमच्या चार खाचांचा. कॅबिनेट आणि वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, नागपूरला सीताबर्डीत गेल्यावर पाहू. फक्त रॅमची ओळ तीनदा लिहून तीनदा खोडली होती, आणि कागद तिथं पातळ झाला होता.

मी लग्नाचे फोटो काढतो. आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं. तिथली आणि आजूबाजूच्या दहा-बारा खेड्यांतली लग्नं माझ्याकडे असतात. फोटो काढणं दोन दिवसांचं, अल्बम मात्र महिनाभर पुरतो. अल्बमचं एक पान बारा बाय छत्तीस इंची, आणि छपाईवाला मागतो ३०० डीपीआय, इंचाला ३०० ठिपके. म्हणजे आडवे १०,८०० ठिपके, उभे ३,६००. ठिपक्याला तीन बाइट धरले तर पूर्ण भरलेला एकच लेयर, म्हणजे चित्राचा एक थर, ११६ एमबीचा होतो. त्यात नवरीच्या मामाला मागं ताजमहाल हवा असतो, आत्याला वरून गुलाबाच्या पाकळ्या. वीस लेयर कधी होतात कळत नाही, आणि एक पान दोन जीबीच्या वर जातं. जुन्या मशीनवर मी सेव्हचं बटण दाबून चहा प्यायला निघून जायचो. परत यायचो तरी ते गोल गोल फिरतच असायचं.

गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, तुमच्यात मेमरी किती?" मी रॅम सांगितली की त्याचं तोंड उतरतं, कारण त्याच्या हातातल्या मोबाइलमध्येच १२८ असते. मग मी खळ्यावर येतो. हार्ड डिस्क म्हणजे कोठी, वर्षभराचं धान्य तिच्यात मावतं. रॅम म्हणजे खळं. एका वेळी जेवढं पसरता येईल तेवढंच उधळता येतं. खळं लहान असलं की माणूस अर्धा वेळ पोती आत-बाहेर करण्यातच घालवतो. हे सगळ्यांना पटतं. पुढचा प्रश्न मात्र ठरलेला: "मग मोठं काहून नाही घेत?"

घेणारच होतो. वहीत लिहिलं होतं, सोळाच्या दोन स्टिक, एकूण बत्तीस जीबी. पण पैसा यायचा होता कापसाचा, म्हणजे दिवाळीनंतर.

त्या तीन महिन्यांत मी लेबलं वाचायला शिकलो. रॅमच्या स्टिकवर एक चिटोरं असतं, आणि अख्खी कुंडली त्यावर असते. डीडीआर ४ आहे की ५, म्हणजे रॅमची पिढी कोणती, हे आधी. दोघांनाही पिना २८८च, लांबीही तीच. पण मधली खाच जराशी सरकलेली असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. माझा बोर्ड डीडीआर ४चा, तेव्हा तो विषय संपला. पुढं ३२००, हा वेग. आणि त्याच्याही पुढं सीएल १६ किंवा सीएल २२, हे दुकानदार कधीच सांगत नाहीत. हाक मारल्यावर ओ द्यायला रॅम किती ठोके घेते, तो हा आकडा. ३२००ला सीएल १६ असेल तर हिशेब १० नॅनोसेकंदांवर येतो, सीएल २२ असेल तर पावणेचौदावर. डबे सारखे, वेग सारखा, आणि चालीत एवढा फरक. बाबा बैलाचा ओठ वर करून दात पाहायचे, दोन दाती आहे की चार दाती की जुळला. विकणारा काय वाटेल ते सांगो, दात खोटं बोलत नाहीत. मी मोबाइलवर फोटो मोठा करकरून तेच करत होतो.

बाबांना हा सगळा प्रकार फारसा कळत नव्हता, पण खरेदीची गोष्ट निघाली की त्यांचे कान उभे राहतात. एकदा मी त्यांना रंगीत दिव्यांच्या स्टिक दाखवल्या. वर मोठी ॲल्युमिनियमची नक्षी, लाल-निळं चमकणारं. त्यांनी चष्मा नीट केला.

"याच्यानं काम जास्ती होते काय?"

"नाही. शोभेचं आहे."

"मग झूल हाये म्हण ना. झूल पोळ्याले पाह्यतेत. वखराले खांदा पाह्य."

ओळ खोडली. शिवाय तसल्या उंच स्टिक कधी कधी प्रोसेसरवरच्या कूलरला अडतात. ते कारण मी त्यांना सांगितलं नाही.

दिवाळी झाली, पहिल्या वेच्याचा कापूस घरात आला. लांब धाग्याचा हमीभाव त्या हंगामात, २०२५-२६ला, ८,११० रुपये क्विंटल होता. दारावर आलेल्या व्यापाऱ्याचा भाव त्याच्या बराच खाली. त्याच्या मते कापसात ओल होती. ओल नेहमीच असते. शेवटी गरजेपुरता विकला आणि वही उघडली, तर पोळ्याला लिहिलेला रॅमचा भाव दुपटीच्या वर गेलेला. कंपन्यांनी चिपा एआयच्या डेटा सेंटरांकडे वळवल्या होत्या आणि आमच्यासारख्यांसाठी उरला होता गाळ. बाबांना सांगितलं तर ते हसले. "आपण थांबलो का आपला माल पडते, अन् घ्याचा माल चढते. हे तुले आता कळलं काय?"

तर बत्तीसचं सोळावर आलं. नागपूरच्या दुकानात पोरगा म्हणाला, "भैया, सोळाची एकच घ्या. पुढं भाव उतरला की दुसरी टाकू." बोलणं मुद्द्याचं होतं. एकच घेतली की तीन खाचा मोकळ्या राहतात. मी तिथूनच घरी फोन लावला. का लावला कोण जाणे. बाबांना यातलं काय सांगता येणार होतं?

"एका बैलावर वखर हाकतं काय?" ते म्हणाले. "जोडी घे. लहान का होईना, जोडी घे. अन् एकाच दावणीची पाह्यजो."

त्यांना अनुभव होता. फार मागं त्यांनी एक पांढरा गवळाऊ घेतला होता, पायाचा हलका, वर्धेकडचा. जोडीला घरचाच गावठी. गवळाऊ पुढं निघायचा, गावठी मागं लोंबायचा, आणि तास वाकडं जायचं. शेवटी गवळाऊलाच सावकाश चालायची सवय लागली. रॅमचंही असंच आहे. माझ्या जुन्या मशीनमध्ये एक २४००ची होती आणि एक २६६६ची, आणि दोघी मुकाट्यानं २४००नं चालायच्या. शिवाय प्रोसेसरकडे जायच्या वाटा दोन आहेत. ३२००च्या एका वाटेनं सेकंदाला २५.६ जीबी माल जातो, दोन्हींनी ५१.२. ५६००जीला वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, चित्रं काढायलाही ते याच खळ्यातलं उचलतं. त्याला एक वाट बंद ठेवणं परवडत नाही. म्हणजे बाबा बरोबर होते, कारण भलतं असलं तरी. आठच्या दोन घेतल्या, एकाच डब्यातल्या, सीएल १६.

घरी आल्यावर रात्री बसवल्या. प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी खाच. पहिल्या दोन्हींत कोंबल्या तर दोन्ही एकाच वाटेला लागतात, जुवाच्या एकाच अंगाला दोन बैल. खाचेतला मधला दात जुळवायचा, दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब द्यायचा, आणि टक असा आवाज यायची वाट पाहायची. बोर्ड वाकतो आणि जीव वर येतो. पहिल्या वेळी एका बाजूचाच टक आला आणि मशीन लांब लांब बीप देत राहिलं. काढली, पट्टीच्या सोनेरी पिनांवरून पोरीच्या कंपासमधला खोडरबर हलक्या हातानं फिरवला. नव्या स्टिकला त्याची काही गरज नसते. पण तालुक्याच्या गावी दुरुस्तीवाल्याकडे इतक्यांदा पाहिलंय की हात आपोआप जातो. परत बसवली. चालू झालं.

आणि पुढचा महिनाभर मी खुशीत होतो, जोवर एके दिवशी टास्क मॅनेजरमध्ये वेगाचा आकडा पाहिला नाही. २६६६. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी नावाचं बटण दाबल्याशिवाय ही सीएल १६ची जोडी ३२००नं चालतच नाही. पैसे मोजून आणलेली जोडी महिनाभर मी दावणीलाच बांधून ठेवली होती. हे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही.

राहिलं लाईनचं. आमच्याकडे लाईन जाते तेव्हा विचारून जात नाही. जानेवारीत एका लग्नाचं अख्खं पान असंच गेलं, यूपीएसच्या बॅटरीनं आधीच मान टाकलेली. लाईन गेली की सगळं विसरायचं, हा रॅमचा स्वभाव जन्मापासूनचा आहे. १९६६मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डनं ही युक्ती काढली, एक ट्रान्झिस्टर, एक इवलासा कपॅसिटर, आणि त्यात एक बिट. कपॅसिटर गळका. म्हणून साधारण ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक रांग एकदा तरी परत भरावी लागते, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. स्टिक ८५ अंशांच्या वर तापली तर त्याच्याही दुप्पट. एवढी सगळी धावपळ कशासाठी, तर नवरीचा मामा ताजमहालासमोर उभा राहावा. भरणारा थांबला की मामाही नाही आणि ताजमहालही नाही. आता मी दर पाच मिनिटांनी कंट्रोल एस दाबतो, झोपेतही बोटं हलतात म्हणे.

परवा धूळ झाडायला कॅबिनेटची बाजू उघडली होती. बाबा खर्रा चोळत येऊन वाकून पाहू लागले. आमच्या गोठ्यात आता ट्रॅक्टरची ट्रॉली उभी असते. शेवटची जोडी विकून चार वर्षं झाली. खुंटे अजून आहेत.

"हे दोन खुंटे रिकामे काहून?"

"अजून दोन बसतात तिथं. भाव उतरला की पाहू."

"याईच्या चालीच्या भेटन काय तवा?"

मला उत्तर देता आलं नाही. तोच डबा, तीच चिप वर्षानं मिळेलच असं नसतं, आणि चौघी एकत्र ३२०० ओढतील याचीही खात्री नसते. बाबांनी खर्रा तोंडात टाकला.

"भाव पाहत राह्यजो," म्हणाले, आणि झाकण लावायला मला स्क्रू शोधून दिला.