थ्री-बाय-एटवरून वन-बाय-टेनवर: टेकडी आणि घाटासाठी निवडलेलं ड्राइव्हट्रेन

माझ्या हार्डटेलचं (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या माउंटन बाइकचं) ड्राइव्हट्रेन, म्हणजे पॅडलचा जोर मागच्या चाकापर्यंत नेणारे चेन-गिअरचे भाग, बदलायचं काम आता बसवणी संपवून ट्यूनिंगपर्यंत आलं आहे. आधी पुढे पॅडलपाशी २२-३२-४२ दातांच्या तीन चेनरिंग होत्या आणि मागे आठ कॉगची, म्हणजे आठ दातेरी चकत्यांची, ११ ते ३४ दातांची कॅसेट. आता पुढे ३२ दातांची एकच नॅरो-वाइड (एक दात अरुंद, एक रुंद असल्याने चेन धरून ठेवणारी) चेनरिंग आहे आणि मागे ११-४८ची दहा कॉगची लिंकग्लाइड (हिच्याबद्दल पुढे) कॅसेट. शिफ्टर (गिअर बदलायची कळ) आणि क्लचवाला, म्हणजे चेन ताणून धरणारा, डिरेलर (चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) शिमानोच्या क्यूज यू६००० मालिकेतले आहेत. हा संच बाजारातला सर्वात हलका नाही आणि सर्वात स्वस्तही नाही. तरी पुण्यात चालवणाऱ्याला मी हाच का सुचवेन, ते सविस्तर लिहितो. निवड करताना मला सर्वात जास्त उपयोग झाला तो एका प्रश्नाचा: हा भाग झिजल्यावर पुन्हा घ्यायला किती पडेल?

आधी आपल्याकडच्या रस्त्यांचं बघू. वेताळ टेकडी म्हणजे शहरातला सर्वात उंच भाग, साधारण ८०० मीटर. तिथे चढ लहान पण तीव्र, वर सुटा मुरूम, मध्येच काळ्या खडकाच्या पायऱ्या. तळजाईला आणि पाषाण-बाणेरच्या टेकडीवरही थोड्याफार फरकाने असंच. सिंहगडाचा घाट वेगळा. शहर ५६० मीटरच्या आसपास, गड १,३१२ मीटरवर. डांबरी रस्ता असला तरी शेवटच्या टप्प्यात बराच वेळ सर्वात मोठ्या कॉगवरच काढावा लागतो. बोपदेव घाट त्या मानाने सौम्य. आणि जून ते सप्टेंबर पाऊस. त्या दिवसांत मुरुमाची कच तेलात मिसळते आणि चेनच्या पिनांवर पॉलिश पेपरसारखी चालते. म्हणजे आपल्याला गिअर हलका हवा, मोठ्या कॉगवर भरपूर काम होणार हे धरून चालायला हवं, आणि झीज इथे नेहमीपेक्षा लवकर होते हेही.

भाग निवडायला बसाल तेव्हा सुरुवात मागच्या हबपासून करा. सगळा खर्च तिथे ठरतो. माझ्या चाकाचा फ्रीहब, म्हणजे हबचा कॅसेट बसते तो भाग, शिमानोच्या जुन्या एचजी (हायपरग्लाइड) प्रकारचा आहे. त्यावर आठ, नऊ, दहा आणि माउंटन बाइकची अकरा स्पीड कॅसेटही बसते. अट एवढीच की सर्वात लहान कॉग ११ दातांचा असतो. १० दातांचा कॉग हवा असेल तर शिमानोला मायक्रो स्प्लाइन प्रकारचा फ्रीहब लागतो, जो २०१८ मध्ये एक्सटीआर मालिकेबरोबर आला, आणि स्रॅम या दुसऱ्या कंपनीला एक्सडी. म्हणजे फ्रीहब बदला, आणि तुमच्या हबसाठी तो मिळत नसेल तर हब बदला, म्हणजे चाक पुन्हा विणून घ्या. शिमानोचा डिओरे १२ स्पीडचा संच दुकानात मोहात पाडतो, पण एचजी चाक असलेल्याने त्या किमतीत हबचा खर्च मिळवूनच तुलना करावी. स्रॅमची एनएक्स ईगल १२ स्पीड कॅसेट मात्र एचजीवरच बसते. ११-५०, वजन साधारण ६१५ ग्रॅम.

ज्यांची सायकल सात स्पीडची, अगदी सुरुवातीच्या किमतीतली आहे, त्यांनी आधी चाक उघडून बघावं. तिथे बहुतेक वेळा कॅसेट नसतेच, आटे असलेला फ्रीव्हील असतो. त्यावर यातलं काहीच बसणार नाही.

आता वजन. शिमानोच्या मालिकांतल्या १०-५१ कॅसेटचे आकडे स्वस्त ते महाग अशा एका ओळीत ठेवले की चित्र स्वच्छ दिसतं: डिओरे सुमारे ५९३ ग्रॅम, एसएलएक्स ५३४, एक्सटी ४७०, एक्सटीआर ३६७. दातांची रचना तीच, गिअरही तेच, बदलतो तो धातू. डिओरेचे सगळे कॉग स्टीलचे. एसएलएक्समध्ये सर्वात मोठा कॉग ॲल्युमिनियमचा होतो, एक्सटीमध्ये सर्वात मोठे दोन. एक्सटीआरमध्ये टायटॅनियम येतं आणि किंमत डिओरेच्या तिपटीच्याही वर जाते.

डिओरे आणि एक्सटीआरमधला फरक २२६ ग्रॅम. सायकल, पाणी, हेल्मेट आणि आपण मिळून ८५ किलो धरलं तर हा पाव टक्क्याहून किंचित जास्त. सिंहगडाचा घाट तासाभरात चढणाऱ्याचे यात दहा सेकंदही वाचत नाहीत. पाण्याची एक बाटली खालीच संपवून निघालात तर याच्या दुप्पट वजन कमी होतं. फिरणाऱ्या भागाचं वजन जास्त जाणवतं हे खरं, पण ते रिम आणि टायरच्या बाबतीत, जिथे वजन परिघावर असतं. कॅसेट हबला चिकटून फिरते, त्यामुळे वेग पकडताना तिचं वजन जवळजवळ साध्या वजनासारखंच वागतं. मागे सस्पेन्शन असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मागच्या चाकाबरोबर उडणारं वजन जितकं कमी तितकं सस्पेन्शन चांगलं काम करतं, आणि हलक्या कॅसेटचा पैसा काही प्रमाणात वसूल होतो. हार्डटेलवर नाही.

आणि ज्या कॉगवर हे ग्रॅम वाचवलेले असतात, तोच कॉग आपण सर्वात जास्त राबवतो. सपाट प्रदेशात राहणाऱ्याला सर्वात मोठा कॉग कधीमधी लागतो, त्याला ॲल्युमिनियम चालून जातं. आपल्याकडे टेकडीच्या प्रत्येक चढाला चेन तिथेच असते, तीही पूर्ण ताणात, वर मुरुमाची धूळ घेऊन. म्हणून मोठा कॉग स्टीलचा हवा असं माझं ठाम मत आहे, मग वजन शंभर ग्रॅमनी वाढलं तरी चालेल.

टिकाऊपणाचा अर्धा हिशेब मात्र कॅसेटवर नसून चेनवर असतो. चेन ताणली जाते असं आपण म्हणतो, पण पट्ट्या लांबत नाहीत. पिना आणि त्यांच्याभोवतीच्या कडा झिजतात, प्रत्येक सांध्यात थोडी पोकळी होते आणि एकूण लांबी वाढते. लांबलेली चेन मग कॉगच्या दातांवर भलत्या जागी बसते आणि दात आपल्या मापाने कोरत जाते. नव्या चेनच्या १२ पूर्ण कड्या म्हणजे बरोबर १२ इंच, ३०४.८ मिलिमीटर. त्यावर दीड मिलिमीटर वाढलं की ०.५ टक्के, आणि २.३ मिलिमीटरच्या आसपास ०.७५ टक्के. अकरा आणि बारा स्पीडची चेन ०.५ ला बदलावी, त्याहून जाड चेनला ०.७५ पर्यंत मुभा असते. चेन चेकर फार महाग नसतो. नसेल तर स्टीलची पट्टी पुरते. पेठेतले आमचे मेकॅनिक काका हे एका वाक्यात सांगतात: "चेन बदलायला कंटाळा करू नका, कॅसेट आपोआप टिकते."

यात एक अपवाद मला मान्य आहे. आठ स्पीडची साधी कॅसेट इतकी स्वस्त असते की चेन, कॅसेट सगळं एकत्र झिजू द्यायचं आणि एकदमच बदलायचं, हा हिशेबही तोट्याचा ठरत नाही. कॅसेट चेनच्या तिप्पट-चौपट किमतीची झाली की हे गणित उलटतं. समजा चेन दोन हजारांची आणि कॅसेट सात हजारांची. वेळेवर बदललेल्या तीन चेनवर एक कॅसेट निघाली तर सगळे मिळून तेरा हजार. तेवढ्याच अंतरात दुर्लक्षामुळे दोन कॅसेट आणि दोन चेन गेल्या तर अठरा हजार, वर चेनरिंगही जाते. नवं ड्राइव्हट्रेन घेताना दुकानात हा दुसरा आकडा विचारा: "याची नुसती कॅसेट केवढ्याला, आणि आठवड्याभरात मिळेल का?" किंमतही ताजीच घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे त्याआधीच्या याद्या पाहून बजेट करण्यात अर्थ नाही.

एचजी फ्रीहबवर बसणारे माझ्यासमोर चार पर्याय होते. डिओरे एम४१०० दहा स्पीड, ११-४६. डिओरे एम५१०० अकरा स्पीड, ११-५१. मायक्रोशिफ्टचा ॲडव्हेंट एक्स, दहा स्पीड, ११-४८. आणि क्यूज, दहा स्पीडला ११-४८ किंवा अकरा स्पीडला ११-५०. चारही चांगले आहेत. ॲडव्हेंट एक्सबद्दल मला खरंच आदर आहे, कमी पैशांत क्लच आणि मोठी रेंज त्यांनी २०२०मध्येच दिली. ज्याला सर्वात हलका गिअर हवा त्याने एम५१०० बघावा.

मी क्यूज घेतलं ते लिंकग्लाइडसाठी. या कॅसेटचे दात बुडाशी जाड असतात, आणि चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर नेणारे उतार वेगळ्या पद्धतीने कापलेले असतात. शिमानोच्या नेहमीच्या हायपरग्लाइड कॅसेटच्या तुलनेत तिप्पट टिकते असा शिमानोचा दावा आहे. तो आपल्या मुरुमात कितपत खरा उतरतो ते काळच सांगेल, पण जाड दात डोळ्यांनाच दिसतात. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटलं. २०२३मध्ये आलेल्या क्यूजमध्ये नऊ, दहा आणि अकरा स्पीडच्या कॉगमधलं अंतर एकच आहे आणि तिन्हींना अकरा स्पीडचीच चेन लागते. म्हणजे चेनसाठी कुठल्या खास मालाची वाट पाहायची नाही, नेहमीची अकरा स्पीड चेन चालते. मात्र शिफ्टर, डिरेलर आणि कॅसेट हे तिन्ही लिंकग्लाइडचेच हवेत. जुन्या हायपरग्लाइड शिफ्टरशी याची जोडी जमत नाही, कारण एका क्लिकला ओढली जाणारी वायर वेगळी. वजनाने हा संच जड आहे, हे आधीच मान्य करून घ्या.

पुढच्या बाजूला क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, जुनाच ठेवला. तो चार बोल्टचा, १०४ बीसीडीचा (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास १०४ मिलिमीटर) आहे आणि त्याच्या चेनरिंग सुट्या होतात. या मापावर साधारणपणे ३२ पेक्षा लहान चेनरिंग बसत नाही. ३० हवी तर तिच्यातच आटे पाडलेली खास चेनरिंग लागते. तीनपैकी मधल्या जागेवर नॅरो-वाइड बसवली की चेनलाइन (सायकलच्या मध्यरेषेपासून चेनरिंगचं अंतर) ५० मिलिमीटरच्या आसपास येते आणि वन-बायला, म्हणजे पुढे एकच चेनरिंग असलेल्या रचनेला, ती छान जुळते. बोल्ट आखूड घ्यायला विसरू नका. तीन चेनरिंगचे बोल्ट एका चेनरिंगला लांब पडतात आणि आवळले तरी पकड येत नाही. स्वस्त क्रँकच्या चेनरिंग रिव्हेटने जोडलेल्या असतात, तिथे पूर्ण क्रँक बदलण्याशिवाय इलाज नाही.

गिअरचा हिशेब असा: जुना सर्वात हलका गिअर २२/३४, म्हणजे ०.६४७. नवा ३२/४८, म्हणजे ०.६६७. तीन टक्के जड. ट्वेंटीनाइनरच्या (२९ इंची) चाकावर मिनिटाला साठ पॅडल मारली तर ताशी साडेपाच किलोमीटर. सिंहगडाला शेवटी एवढंच हवं असतं. वरच्या टोकाला ३२/११ वर नव्वदच्या लयीत ताशी ३६ किलोमीटर मिळतात, तर जुन्या ४२ च्या चेनरिंगवर ४७ पर्यंत जाता यायचं. टेकडीच्या पायवाटेवर सकाळी चालायला आलेले आजी-आजोबा असतात, तिथे तो वेग हवाय कुणाला! डावा शिफ्टर, पुढचा डिरेलर, त्याची वायर आणि दोन चेनरिंग गेल्या, आणि पावसात चिखल अडकायची एक मोठी जागाही गेली.

बसवताना मागच्या हँगरची (डिरेलर लटकतो त्या पट्टीची) सरळ रेषा गेजने तपासून घ्या. लहान कॅसेटवर किंचित वाकलेला हँगर खपून जातो, ४८ दातांवर खपत नाही. कॅसेटची लॉकरिंग ४० न्यूटन मीटरला आवळली. फ्रीहबची बॉडी ॲल्युमिनियमची असेल तर सुटे स्टीलचे कॉग त्यात खाचा पाडतात, म्हणून कॅसेट काढलीच आहे तर तिथे एक नजर टाकावी. बी-स्क्रूला, म्हणजे डिरेलर कॅसेटपासून किती लांब राहील ते ठरवणाऱ्या स्क्रूला, मात्र वेळ द्या. तो सैल राहिला की वरचं जॉकी व्हील (डिरेलरमधलं छोटं चाक) मोठ्या कॉगला घासतं. जास्त आवळला की लहान कॉगवरचं शिफ्टिंग ढिलं पडतं. गिअर वायर आणि आउटर (वायरवरचं आवरण) नवे घातले, कारण सगळ्या संचात सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त फरक पाडणारी वस्तू तीच.

चालवताना आतापर्यंत जाणवलं ते असं. शिफ्ट हायपरग्लाइडइतका चटकन होत नाही, अर्धा क्षण घेतो, पण चढावर जोर लावलेला असतानाही खटका बसत नाही. वेताळ टेकडीच्या खाणीकडच्या चढाला दोन कॉग खाली टाकताना पायाचा जोर सोडावा लागला नाही. खडकांवरून उतरताना क्लचमुळे चेनस्टेवरची (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीवरची) फटफट थांबली. दहा कॉगमधल्या उड्या मोठ्या आहेत. खडकवासल्याच्या सपाट रस्त्यावर गटाबरोबर जाताना मधला एखादा गिअर असता तर बरं झालं असतं असं वाटतं. रस्त्यावर जास्त चालवणाऱ्याने अकरा स्पीडचा विचार करावा.

हलक्या कॅसेटवर न घातलेले पैसे ट्यूबलेसला ठेवले आहेत. तिथे परिघावरचं वजन कमी होईल आणि बाभळीच्या काट्यांचा प्रश्नही सुटेल. तेलाचं नियोजन असं: हिवाळा-उन्हाळ्यात ड्राय ल्यूब, पावसाळ्यात वेट ल्यूब, दोन्ही आदल्या रात्री लावायचं आणि सकाळी निघण्याआधी चेन कोरडी पुसायची. दोन चेन आलटून-पालटून वापरायच्या, दोन्हींचं माप १२ कड्यांवर घेऊन लिहून ठेवायचं.

मला पुढची तुलना हवी आहे ती पावसाळ्यातल्या झिजेची. सिंहगड किंवा टेकडीवर लिंकग्लाइड वापरणाऱ्यांनी चेन ०.५ ला किती किलोमीटरवर पोचली आणि तेव्हा कोणतं ल्यूब होतं, एवढं टिपून ठेवलं तर आपल्याकडच्या मुरुमाचा खरा आकडा हाती येईल. माझं माप सप्टेंबरअखेर लिहितो.